दोरी सैल होईपर्यंत

दर रविवारी आबांचा फोन यायचा. माझी तब्येत, नळाचं पाणी, लॅबमधलं काम एवढं विचारून झालं की पुढचा प्रश्न ठरलेला.

"कुत्री भुकती का गं?"

"भुकती की."

"लय?"

"लय भुकती, आबा."

"मग बरं हाय," असं म्हणून ते फोन आईकडे द्यायचे.

आबा म्हणजे माझे वडील. त्यांच्या दृष्टीने माझं सगळं मार्गी लागलं होतं. मुलगी शिकली, साताऱ्यात नोकरीला लागली, एकटी राहते, आणि तिच्या दारात भुंकणारी कुत्री आहे. मी मात्र "लय" म्हणताना दर वेळी खिडकीबाहेर बघायचे, समोरच्या बंगल्यातले काका ऐकत तर नाहीत ना म्हणून.

आमचं गाव कडेगावच्या पूर्वेला, जिथे ऊस संपून कुसळांचा माळ सुरू होतो त्या बाजूला. घराणं मेंढरांचं. गुडघे धरायला लागल्यावर आबांनी हिंडणं सोडलं आणि ज्वारीच्या तुकड्यात लक्ष घातलं. थोरला भाऊ अजून कळप घेऊन कृष्णाकाठाला उतरतो, कुंडलच्या बाजूला ऊस तुटलेल्या रानात खतासाठी मेंढरं बसवतो. मी शाळेत गेले ती एका गुरुजींनी आबांना बाजाराच्या वाटेवर अडवून सांगितलं म्हणून. मग वसतिगृह, मग सांगलीला बीएस्सी, मग रक्त तपासणीचा कोर्स. ते गुरुजी, वसतिगृहाच्या बाई, स्वतःची पुस्तकं मला वाचायला देणारी मैत्रीण, यांचे उपकार मी विसरलेले नाही. पुढे मी जे लिहिणार आहे त्यात कडवटपणा आहे, पण त्यातला थेंबही त्यांच्या वाट्याचा नाही.

कुत्री भावाच्या कळपातली. पिल्लांमधले नर लोक मागून नेतात. ही मादी म्हणून मागे राहिली होती. भाऊ म्हणाला, "तू घिऊन जा. एकटी ऱ्हातीस. चोर दारात पाय ठेवायचा न्हाई." आमच्या घरात कळपातलं कुत्रं विकत नाहीत, देतात. पिल्लू लहान असतानाच त्याच्या कानांची टोकं कापतात, म्हणजे पुढे झटापटीत कान लांडग्याच्या दाताखाली सापडत नाहीत. हिचेही कापलेले होते. नाव आमच्याकडे ठेवत नाहीत. मी तिला "बाय" म्हणायचे, कारण आबा मला तसं म्हणतात आणि दुसरं काही सुचलं नाही.

मी साताऱ्याच्या जरा बाहेर, नव्या बंगल्यांच्या कॉलनीत तळमजल्यावर भाड्याने राहत होते. घरमालक पुण्याला. समोरचे काका कॉलनीचे अध्यक्ष, निवृत्त अधिकारी आणि माझ्या घरमालकांचे मेहुणे. त्यांच्याकडे सोनेरी रंगाचा लॅब्रेडॉर होता. तो दिवसभर गॅलरीतून रस्त्यावर भुंकायचा, आणि लोक खालून त्याला हात करायचे.

माझी कुत्री भुंकली की कुणी हात करत नसे. ती भुंकायचीही निराळीच. दोरीला हिसका देऊन, मागच्या पायांवर उभी राहून, तोंडाला फेस येईपर्यंत. स्कूटर, छत्री, टोपी घातलेला माणूस, टोपी काढलेला तोच माणूस, काहीही चालायचं, असं मला तेव्हा वाटायचं. मी ओरडायचे, ती आणखी ओरडायची. एका सकाळी समोरच्या काकू परडीत जास्वंदी घेऊन वळणावरून आल्या आणि हिने झेप घेतली. दोरी तिथेच संपली, दात लागला नाही. पण काकू मागे सरकत सरकत मेंदीच्या कुंपणात बसल्या आणि फुलं गटारात गेली.

संध्याकाळी काका आले. आत या म्हटलं तर आले नाहीत.

"मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात म्हणून स्पष्ट बोलतो. हे रानातलं जनावर आहे. कॉलनीत कुत्री नाहीत असं नाही, पण ती माणसांत राहण्याच्या जातीची आहेत."

"शिकवते काका मी तिला. थोडा वेळ द्या."

"गणपती झाले की आपली मीटिंग असते. तोवर वळण लागलं तर ठीक. नाहीतर कुत्री ठेवायची की घर, ते तुम्ही ठरवा. मेहुण्यांशी माझं बोलणं झालंय."

'शिकवते' हा शब्द मी किती विश्वासाने वापरला! शिकलं की माणसाचं होतं, हा माझ्या आयुष्याचा अनुभव होता. माझंच झालं होतं. वसतिगृहात पहिल्या वर्षी मी "न्हाई" म्हटलं की खोलीतल्या मुली एकमेकींकडे बघायच्या, म्हणून मी अंथरुणात पडल्या पडल्या "नाही, नाही" म्हणून बघायचे. "हाय"चं "आहे" झालं, "आमी"चं "आम्ही" झालं. कुणी मारलं नव्हतं, मी आपणहून शिकले होते. कुत्रीचंही तसंच होईल असं मला वाटलं.

पशुवैद्य बाई माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी तिला टेबलावर घेतलंच नाही. खुर्ची दाराशी ओढून घेतली आणि बराच वेळ तिच्याकडे न बघता माझ्याशी बोलत राहिल्या.

"ही वाईट नाहीये," त्या म्हणाल्या. "हिला झेपत नाहीये. तुमच्या माळावर दिवसाकाठी किती माणसं दिसायची?"

"एखादं. तेही लांबून येताना दिसायचं."

"आणि इथे वळणावरून एकदम अंगावर येतं. मागून गाडी, वरून कुकरची शिट्टी. तुम्ही तिला जिथे उभी करता तिथे तिची शिकण्याची वेळ निघून गेलेली असते. आधी अंतर वाढवा. माणूस दिसेल, पण भुंकावंसं वाटणार नाही, एवढं अंतर. तिने माणसाकडे बघितलं की तुम्ही एक शब्द बोला आणि खायला द्या. हळूहळू माणूस दिसला की ती तुमच्याकडे बघायला लागेल."

"आणि ओरडायचं कधी?"

"ओरडायचं नाहीच. तुम्ही ओरडलात की तिला वाटतं, आपण दोघी मिळून भुंकतोय."

मला हसू आलं, आणि घरी येईपर्यंत ते जिरलंही, कारण बाईंनी सांगितलेला तो एक शब्दच माझ्याकडे नव्हता. आमच्या बोलीत कुत्र्यासाठी दोन शब्द. 'छू' म्हणजे धर आणि 'हाड' म्हणजे चालता हो. शहाणं झालेल्या कुत्र्याला काय म्हणायचं, ते आमच्या मेंढरांच्या वाड्यावर कुणी कधी म्हटल्याचं मी ऐकलं नव्हतं. मी "शाब्बास" म्हणून बघितलं. "गुड" म्हणून बघितलं. दोन्ही माझ्या लॅबमधल्या आवाजात निघायचे आणि ती कान मागे टाकायची. एके दिवशी कॉलनीमागच्या मोकळ्या रानात लांबवरून एक सायकलवाला गेला, तिने त्याच्याकडे बघितलं, भुंकली नाही, आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "व्हय बाय, व्हय." आई कोकराला बाटलीने दूध पाजताना असंच म्हणते. कुत्रीने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी तिला अंड्यात भिजवलेल्या भाकरीचा तुकडा दिला. तेव्हापासून तोच शब्द. साताऱ्यात मी तो फक्त तिच्याशी बोलायचे, आजूबाजूला कुणी नाही हे बघून.

पण खरी अडचण तिच्यात नव्हती. लॅबमध्ये माझा हात चांगला म्हणतात. लहान मुलं, म्हातारी माणसं, सुईला घाबरणारे मोठमोठे गडी, सगळे माझ्याकडे पाठवतात. घाबरलेल्या माणसाची शीर सापडत नाही. ती आत पळते. त्याला बसू द्यावं लागतं, इकडचं तिकडचं बोलावं लागतं, आणि मुख्य म्हणजे आपल्याला घाई नाही हे त्याला पटावं लागतं. हे सगळं मला येत होतं. मग दोरी हातात आली की ते कुठे जात होतं?

उत्तर मिळालं ते भाजीवालीमुळे. रोज डोक्यावर पाटी घेऊन ओरडत ओरडत येणारी ही बाई. पाटी मोठी, आवाज मोठा, आणि कुत्री तिच्यावर एकदाही भुंकली नव्हती. दूधवाल्यावर नाही. मीटर बघायला येणाऱ्यावर नाही. भुंकायची ती काका, काकू, कोपऱ्यावरचे प्राध्यापक, वरच्या मजल्यावरच्या नाकात बोलणाऱ्या बाई यांच्यावर. मी माझ्या हाताकडे लक्ष ठेवलं. काका फाटकातून बाहेर पडताना दिसले की माझी मूठ आवळायची, दोरी आखडायची, श्वास वरच्या वर राहायचा. आता हे काय म्हणतील, मी काय बोलेन, तोंडातून एखादं "न्हाई" तर जाणार नाही ना! हे सगळं दोरीतून खाली जात होतं. ज्यांना मी घाबरत होते त्यांच्यावर ती भुंकत होती. कळपातलं कुत्रं दुसरं काय करणार? धनी ज्याला भ्याला तो लांडगा.

मग मी तिला शिकवणं थोडं थांबवलं आणि आधी स्वतःला शिकवलं. काका दिसले की खांदे खाली. श्वास पोटात. मूठ उघडी, दोरी नुसती बोटांवर टांगलेली. त्यांच्याकडे बघायचं नाही, रस्ता ओलांडून पलीकडे जायचं, जणू आपल्याला तिकडेच जायचं होतं. पहिले काही दिवस मला हसू यायचं आणि रडूही. मागच्या रानातून आम्ही रस्त्याच्या टोकाला आलो, टोकाकडून मधल्या खांबापर्यंत आलो. कधी कधी सगळं फिसकटायचं. कुणीतरी मुद्दाम स्कूटर गुरगुरवायचं, आणि आम्ही पुन्हा रानात. येणारेजाणारे फुकट सल्ले द्यायचे. "दोन काठ्या घाला, सरळ होईल." मी "हो" म्हणायचे आणि पुढे चालायचे. गणपतीत ढोल सुरू झाले तेव्हा ती न्हाणीघरात जाऊन बसली. मी बाहेर फरशीवर बसून वाटाणे सोलत राहिले. दार उघडं ठेवलं होतं. वाटाणे संपायच्या आत ती येऊन माझ्या पायाशी पसरली. बाहेर ढोल चालूच होता.

विसर्जनाच्या थोडं आधी काकू पुन्हा त्याच वळणावरून परडी घेऊन आल्या. कुत्रीने त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि खाली बसली. काकूही थांबल्या.

"अगंबाई! चांगलं बदडलं वाटतं?"

"नाही काकू. मारलं नाही कधी."

"मग गोळी देतेस का झोपेची?"

"नाही हो. शिकवलं."

"असेल बाई," काकू म्हणाल्या आणि कुंपणाला चिकटून पुढे गेल्या. मला त्याचंही वाईट वाटलं नाही. मी जिंकले असं मला वाटत होतं. मीटिंग रविवारी होती आणि लॅबमध्ये सुद्धा मी गुणगुणत होते.

मीटिंगबद्दल मी फोनवर आईशी बोलले, एवढंच. शनिवारी लॅबमधून घरी आले तर दाराशी आबा बसलेले. पटका, धोतर, खांद्यावर घोंगडं, शेजारी भुईमुगाच्या शेंगांचं गाठोडं. खिडकीच्या गजातून कुत्रीने नाक बाहेर काढलं होतं आणि आबा ते कुरवाळत होते.

"आबा, कळवायचं तरी!"

"कळवायचं काय त्यात? माझ्या लेकीला घरातनं काढत्यात म्हनं. म्हटलं बघावं कोण काढतंय." ते फार खुशीत दिसत होते. "मी जाऊन आलो त्या सायबाकडं. आता काय काळजी करू नगंस."

माझ्या हातातली किल्ली तशीच राहिली. "काय सांगितलंत तुम्ही?"

"खरं ते सांगितलं. हात जोडलं, म्हटलं, सायेब, कुत्री साधी न्हाई. हिच्या आयनं लांडग्याचा गळा धरलाय, आमी डोळ्यानं बघितलंय. ही तिच्यावरच गेलीया. लय तिखट हाय. सोडून तर बघा रातीची, परका माणूस तुमच्या गल्लीतनं जित्ता जायचा न्हाई. म्हटलं, तुमच्या सगळ्या वाडीला राखंल ही एकटी."

"मग काका काय म्हणाले?"

"काय म्हनत्यात? गपच झाले. च्या बी पुरता पिले न्हाईत."

मी दार उघडलं, आबांना पाणी दिलं, शेंगा परातीत ओतल्या. आमच्याकडे भल्या माणसाच्या हाती कुत्रं सोपवताना असंच बोलतात. यापेक्षा मोठी शिफारस आमच्या लोकांना ठाऊक नाही. पाहुणा वाड्यावर आला आणि कुत्रं त्याच्या अंगावर धावलं तर धनी कुत्र्याची मान धरतो, आणि पाहुणा आधी रामराम न म्हणता म्हणतो, "तिखट हाय की!" धन्याचा चेहरा फुलतो. आबा गुडघे दुखत असताना एसटीने एवढं लांब येऊन, पटका नीट बांधून, माझ्यासाठी साक्ष द्यायला गेले होते. त्यांनी त्यांच्या जवळचा सगळ्यात चांगला शब्द काकांच्या ओसरीवर ठेवला होता. तो तिथे उलटा पडला, हे त्यांना कोणत्या तोंडाने समजावणार होते मी?

"बरं केलंत आबा," मी म्हणाले.

मीटिंग गणपतीच्या मांडवातच झाली. मूर्ती गेलेली, रिकामं मखर मागे तसंच. प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. आबा मागे जाऊन मांडवाच्या खांबाला टेकून खाली बसले. मी "आबा, खुर्ची" म्हटलं तर हाताने राहू दे केलं. मी कुत्रीला घेऊन पुढच्या रांगेत. ती माझ्या चपलेवर हनुवटी टेकून पडली. पाण्याच्या टाकीचा खर्च झाला, गणपतीचा हिशेब झाला. एवढा वेळ समोरच्या गॅलरीतून लॅब्रेडॉर आमच्यावर भुंकत होता. कुत्री अधूनमधून त्याच्याकडे बघायची, मग माझ्याकडे. मी तिला गुपचूप भाकरी देत होते. इतकी शहाणी ती याआधी कधीच वागली नव्हती, आणि मला वाटत होतं की हे सगळ्यांना दिसतंय.

"आता आपला कुत्र्याचा विषय," काका म्हणाले. "कुत्री आज शांत आहे, मान्य. मॅडमनी कष्ट घेतले, त्याचंही कौतुक आहे. पण काल त्यांचे वडील स्वतः माझ्याकडे येऊन सांगून गेले की या कुत्रीच्या आईने लांडग्याचा गळा फोडलाय. ही सुटली तर परका माणूस गल्लीतून जिवंत जाणार नाही. हे मी म्हणत नाही."

सगळे मागे वळले. आबांना वाटलं आपल्याला बोलावलं. ते खांबाला धरून उठले आणि हसून म्हणाले, "व्हय, व्हय. मीच सांगितलंय."

कुणीतरी हसलं. हसू तसं वाईट नव्हतं, गमतीचंच होतं, आणि म्हणूनच ते अजून माझ्या कानात आहे.

मी उभी राहिले. "काका, गावाकडे तसं बोलतात. तुम्ही कुत्रीकडे बघा. तुमचा कुत्रा मघापासून भुंकतोय आणि ही गप्प आहे."

"तो खेळकर आहे हो."

"ही एकदाही चावलेली नाही."

"मॅडम, ते कान बघा ना तिचे," कोपऱ्यावरचे प्राध्यापक समजुतीच्या आवाजात म्हणाले. "तुम्हाला सवय असेल. पण हे जनावर इथलं नाही, एवढंच सगळ्यांचं म्हणणं आहे. राग मानू नका."

"मग वळण लागलं तर ठीक, असं का म्हणाला होतात?" मी काकांना विचारलं. आवाज चढला असावा, कारण कुत्रीने डोकं उचलून आधी माझ्याकडे आणि मग काकांकडे बघितलं. दोरी आखडली होती. मी मूठ उघडली. श्वास सोडला. ती पुन्हा खाली पडली.

"वळण लावण्याचा प्रश्नच नाहीये," काका म्हणाले. "आणखी कुणाला काही बोलायचंय?"

कुणालाच नव्हतं. काकू रिकाम्या मखराकडे बघत होत्या.

घरी येताना आबा म्हणाले, "भ्याली ती मानसं. एवढी तिखट कुत्री त्यास्नी पचायची न्हाई. मी नेतो हिला. कळपात हिची किंमत हुईल."

मी लगेच नेऊ दिलं नाही. आठवडाभर घर शोधलं. सदर बाजारापासून करंजेपर्यंत फिरले. एकट्या बाईला खोली नव्हती, कुत्र्याला तर नव्हतीच, आणि दोन ठिकाणी गाव आणि आडनाव विचारल्यावर घरात रंगकाम निघालं. वाईला एक घर मिळत होतं, पण सकाळी सातला लॅब उघडावी लागते आणि पहिली एसटी त्या वेळेला पोचत नाही. शेवटी भावाच्या ओळखीचा लोकरीचा टेम्पो आला. ती आपणहून चढली, कारण मी चढले होते. मग मी उतरले.

पुढच्या रविवारी फोनवर प्रश्न मी विचारला.

"भुकती का, आबा?"

"न्हाई गं," आबांचा आवाज काळजीचा होता. "बरं न्हाई का काय तिला? कोन आलं की बसती आन माझ्या तोंडाकडं बघती. तासन् तास बघती. काय पायजे तिला?"

"आबा, तिला भाकरीचा तुकडा द्या. आन व्हय म्हना."

"का?"

"गप बसली म्हणून."

"गप बसल्याचं कशाला द्यायचं?" आबांना खरंच कळेना. "भुकल्यावर देऊ की."

भावाने तिला कळपावर न्यायला नकार दिला. "लांडगा आला तर माझ्याकडं बघत बसंल ही," तो म्हणाला. "तू तिचं वाटोळं केलंस गं. माणूस केलंस तिला." त्याने ते रागाने म्हटलं नव्हतं. मग आबांनी आमच्या लोकांचा ठरलेला उपाय केला. तिला घरामागे साखळीला बांधलं. बांधलेलं कुत्रं तिखट होतं, हे आमच्यात लहान पोरालाही माहीत असतं.

दिवाळीला गावी गेले. एसटी फाट्यावर सोडते, तिथून माळाच्या वाटेने चालत. घर दिसायच्या आधी भुंकणं ऐकू आलं. ती साखळीच्या टोकाला मागच्या पायांवर उभी होती, तोंडाला फेस, गळ्याला पट्ट्याने पडलेला वळ. माझ्यावरच भुंकत होती. वाऱ्याची दिशा उलट होती, मी लांब होते, अंगावर नवीन साडी होती. मी ही सगळी कारणं मनात मोजली. आबा घराच्या मागल्या दारातून बाहेर आले आणि लांबूनच हात वर करून ओरडले.

"बघ! सुधारली! बघितलंस का? म्हनत हुतो ना मी!"

मी पिशवी खाली ठेवली. तिच्याकडे खांदा वळवला, नजर जमिनीवर लावली आणि उभी राहिले. पशुवैद्य बाईंनी सांगितलेलं अंतर. श्वास पोटात. मूठ उघडी.

"आगं ये की हिकडं," आई म्हणाली. "उन्हात काय हुबारलीस?"

"आले," मी म्हणाले, पण हलले नाही. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून साखळीकडे बघत होते. भुंकण्यात एक खंड पडला. मग आणखी एक. तिने नाक वर करून वारा घेतला. पुढचे पाय जमिनीवर आले. साखळी मध्ये सैल पडून मातीला टेकली, आणि कुत्रीने मान वळवून माझ्या तोंडाकडे बघितलं. मी "व्हय" म्हणायला तोंड उघडलं.

"छू!" आबा तिच्या मागून म्हणाले.

लेक लांबून आलेली, तिला नीट दाखवावं म्हणून. साखळी ताठ झाली. ती पुन्हा उभी राहून भुंकायला लागली, पहिल्यापेक्षा जोरात. आबा हसत हसत पुढे आले, तिची मान धरून उभे राहिले आणि माझ्या तोंडाकडे बघू लागले. मी काय म्हणते याची वाट बघत. म्हातारा चेहरा उन्हात लकाकत होता.

"व्हय, आबा," मी म्हणाले. "लय तिखट हाय."